देवमन पाळक बोलायला शिकले

देवमन खंडारे यांची माझी पहिली ओळख झाली ती भिंतीपलीकडून. बदली होऊन मी चांदूर रेल्वेच्या शाळेत आलो तेव्हा जे घर भाड्यानं मिळालं, त्याला लागूनच ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनाघर होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं कडुनिंब, मागं सिमेंटचा हौद. रविवारी सकाळी दहाला पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं वाजायची. माझी बायको पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "बापा, या मानसाले माइक कायले पायजे?"

त्या आवाजाची कीर्ती मोठी होती. धामणगावपासून अकोटपर्यंत कुठंही ख्रिस्ती मेळावा असला की देवमनभाऊंना बोलावणं यायचं. म्हाताऱ्या बाया त्यांच्या बोलण्यावर डोळे पुसायच्या. पुढं घसट वाढली, त्यांची बायको शकुनवहिनी आमच्याकडं येऊ लागली, आणि मला या माणसाची आधीची गोष्ट कळली.

देवमनभाऊ धामणगाव रेल्वे गावातल्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. वडीलही तिथंच होते. चोविसाव्या वर्षी मशीनच्या पट्ट्यात हात गेला आणि उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धं राहिलं. तीन आठवडे दवाखान्यात होते. "तीन आठवडे खाटीवर पडलं का मानूस एक त देवावर रुसते, नाई त त्याले प्रश्न इचारते," ते मला एकदा म्हणाले. "मी दोन्ही केलं." प्रश्न ऐकायला मात्र वॉर्डात एकच माणूस होतं, पट्टी बदलायला येणारी शिकाऊ नर्स. दुःख देवानं काहून ठेवलं, मागितलं तर देते मग न मागता काहून देत नाही, असं रोज सुरू. एक दिवस ती वैतागली. "इतकं मले इचारून काय फायदा? जिथं याचा अभ्यास होते तिथं जा ना!" ती नर्स म्हणजे शकुनवहिनी. दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं आणि देवमनभाऊ खरोखरच पुण्याकडच्या एका विद्यालयात ईशपरिज्ञान शिकायला गेले.

ईशपरिज्ञान म्हणजे देवाविषयीचं शास्त्र. पाच वर्षं. दहावी पास झालेला जिनातला मजूर तिथं ग्रीक शिकला, हिब्रू शिकला, जुन्या आचार्यांचे वाद वाचून काढले. शेवटच्या वर्षी त्यांनी मोठा निबंध लिहिला तो 'कबुली' या विषयावर. माणूस आपला विश्वास चारचौघांत बोलून दाखवतो तेव्हा नेमकं काय घडतं, हा त्याचा मुद्दा. गुरुजनांनी तिथंच शिकवायला राहा म्हटलं. हे परत आले. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथं उत्तरं लय होते, भाऊ. प्रश्नवाले लोक इकडं होते."

चांदूरची मंडळी लहान, बावीस-तेवीस घरांची. त्यांतलं एक घर दुर्गाबाईचं. दुर्गाबाई विधवा, शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. तिची मुलगी नीलम तीन वर्षांची असताना तापानं बहिरी झाली. अमरावतीच्या मूकबधिर मुलांच्या शाळेत राहून ती दहावी झाली, शिवण शिकली आणि अठराव्या वर्षी घरी परत आली. समोरच्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवायची. माझ्या बायकोचे ब्लाउज तिच्याचकडं. हात इतका चांगला, की अमरावतीच्या बाया तिच्याकडं कापड पाठवायच्या. दर रविवारी मायलेकी प्रार्थनाघरात दुसऱ्या रांगेत बसायच्या. उपदेश संपेपर्यंत नीलमची नजर पाळकांच्या तोंडावरून हलायची नाही. देवमनभाऊ अभिमानानं सांगायचे, "ऐकू येत नाई, पन लक्ष पाहा पोरीचं!"

ती तेवीस वर्षांची झाली तेव्हा एका रविवारी तिनं त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. मला बाप्तिस्मा पाहिजे.

या मंडळीत लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणसानं जाणतं झाल्यावर स्वतः मागायचा, सगळ्यांसमोर उभं राहून तोंडानं कबुली द्यायची, मग हौदात उतरायचं. पंचांच्या बैठकीत विषय निघाला. त्यांच्यात सगळ्यात वडील भगवंतराव, रेल्वेचे निवृत्त गार्ड, वय पंचाहत्तर. आयुष्यभर हिरवी-लाल झेंडी वेळेवर दाखवलेला माणूस. नियम म्हणजे नियम.

"पोरगी गुनाची हाये, मी नाई म्हनत नाई," भगवंतराव म्हणाले. "पन कबुली तोंडानं व्हते. तिले समजलं का नाई समजलं, आपल्याले कसं कयनार?"

"ते मी पाहून घेतो," देवमनभाऊ म्हणाले. त्यांना वाटलं, हे सोपं आहे. पोरीला लिहितावाचता येतं.

त्यांनी तिला कबुलीचे प्रश्न आणि उत्तरं लिहून दिली. दोन दिवसांत तिनं ती सुवाच्य अक्षरात उतरवून आणली. एक काना-मात्रा चुकली नव्हती. भाऊ खूश. मग सहज त्यांनी कागदाच्या खाली लिहिलं, आता तुझ्या मनानं लिही. रविवारी मी सांगतो त्यातून तुला काय समजतं?

नीलमनं पेन्सिल घेतली. मग लिहिलं: तुमी खूप बोलते. तोंड हालते. आई रडते. मी आईकडे पाहते, मी पण रडते. घरी जाते.

त्या दिवशी देवमनभाऊ जेवले नाहीत. शकुनवहिनींनी ताट झाकून ठेवलं आणि विचारलं, काय झालं. त्यांनी तो कागद पुढं केला. "पाच वर्ष, शकुन. पाच वर्ष मी तिच्यासमोर उभा राहून बोलून राहिलो. अन् मी कबुलीवर निबंध लिहिला होता!"

वहिनी समजूत घालणाऱ्यांतल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग आता काय करता? तिले ऐकू त येनार नाई. तुमालेच शिका लागन."

पुढच्या मंगळवारी देवमनभाऊ एसटीनं अमरावतीला गेले आणि मूकबधिर शाळेच्या शिवणवर्गात जाऊन उभे राहिले. नीलमला शिवण शिकवणारे अरीब मास्तर तिथंच होते. ते स्वतः जन्मापासून बहिरे, चाळिशीचे, गळ्यात टेप, कानावर खडू. भाऊंनी पाटीवर लिहिलं, मला खुणांची भाषा शिकायची आहे. मास्तरांनी त्यांच्याकडं वरून खाली पाहिलं आणि हिंदीत लिहिलं, 'उम्र?' भाऊंनी लिहिलं, ५४. मास्तरांनी हसून लिहिलं, 'तो जल्दी बैठिए.'

दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दीड वर्ष. जिनात राबलेली बोटं. ती काही केल्या वळायची नाहीत. शिवाय त्यांचा हात त्यांच्या आवाजासारखाच मोठा होता. साधं 'पाणी' म्हणायचं तर मेळाव्यात बोलल्यासारखे दोन्ही हात फेकायचे. मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'पादरीसाहब, हाथों से चिल्लाइए मत.'

मी, तू, तो हे सगळं त्या भाषेत बोट दाखवून म्हणतात, आणि भाऊंचं ते बोट अर्धं. समोरच्या पोरींना 'तू' अपुराच दिसायचा. एक दिवस वर्गात हसू पिकलं. भाऊंनी विचारलं, काय? एका मुलीनं डाव्या हाताच्या चिमटीत उजवं बोट अर्ध्यावर धरून दाखवलं. मास्तरांनी समजावलं, आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, हे तुमचं. ते नाव मिळाल्याचा आनंद मला सांगताना भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "बाहेरच्या मानसाले ते नाव देत नाई, भाऊ."

घरीही सराव. जेवताना मीठ मागायचं तर खुणेनं. चुकीची खूण केली तर मीठ मिळायचं नाही, कारण शकुनवहिनी स्वतःच्याही नकळत सगळं शिकून बसल्या होत्या.

हातांनी बोलायला लागल्यावर रविवारी दुपारी भाऊंच्या घरी त्यांची आणि नीलमची बैठक बसू लागली. महिन्यातून एकदा अरीब मास्तरही यायचे. खरी अडचण तिथं सुरू झाली. बाजार, बस, आजारपण, लग्न यांना खुणा होत्या. पण शास्त्रातल्या शब्दांचं काय? 'कृपा' कशी दाखवायची? मास्तर म्हणाले, मेहरबानी दाखवा: वरचा हात खाली देतो. नीलमला ती खूण पटेना. ती म्हणाली, ही भीक आहे. मला लोक असंच देतात, मुकी म्हणून. देव पण असाच देतो का?

शिकत असताना या एका शब्दाच्या ग्रीक मुळाशी देवमनभाऊंनी सहा महिने घालवले होते. ते नीलमला म्हणाले, न मागता मिळतं, पण देणारा उपकार दाखवत नाही. आधीच दिलेलं असतं, आपल्याला नंतर कळतं.

नीलमनं सोबतच्या पिशवीतून एक शिवलेला ब्लाउज काढून उलटा केला आणि बगलेतली शिवण दाखवली. आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडलेलं होतं. शिंपी त्याला मार्जिन म्हणतात. ती हातांनी म्हणाली, हे बाहेरून दिसत नाही. बाईला माहीतही नसतं. अंग वाढलं, ब्लाउज होईना, की ती रडत येते. मी उसवते, हे कापड बाहेर काढते, परत शिवते. फेकावा लागत नाही. ज्यानं शिवला त्यानं आधीच ठेवलेलं असतं.

आणि तिनं एका तळहाताच्या आतल्या बाजूनं दुसऱ्या हाताची दोन बोटं हळूच बाहेर सरकवली. कृपा.

त्या संध्याकाळी भाऊ आमच्या दारात आले, पण आत येऊन बसेनात. उंबऱ्यातच उभं राहून मला ते सगळं सांगितलं. "मी इतके पुस्तकं वाचले, भाऊ. असं कोनी नाई सांगतलं मले." बोलता बोलता त्यांचा तो प्रसिद्ध आवाज फुटला. माझी बायको आतून आपला ब्लाउज घेऊन आली आणि उलटा करून पाहायला लागली.

रविवारच्या बैठकीत भाऊंनी दुर्गाबाईलाही बोलावलं. ती आधी येईना. "आमचं चालते ना घरी. जेव, पानी, झोप, दवाखाना. मायलेकीले अजून काय लागते?" वीस वर्षं तेवढ्या चार-सहा खुणांवर दोघींचा संसार चालला होता. शेवटी शकुनवहिनी तिला हाताला धरून घेऊन आल्या. खिचडीच्या मोठ्या पळीनं कडक झालेली तिची बोटं हळूहळू सुटत गेली.

पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी नीलमनं आईला विचारलं, तू प्रार्थनाघरात नेहमी का रडतेस?

दुर्गाबाईनं देवमनभाऊंकडं पाहिलं. भाऊ म्हणाले, "मी नाई सांगत. तूच सांग."

तिनं सांगितलं. शब्द अपुरे पडले तिथं हवेत काहीतरी काढून दाखवलं. तुला ताप आला तेव्हा घरात तुझ्या मामाचं लग्न होतं. हळद लागली होती. सगळे म्हणाले, उतरेल. मी तीन दिवस थांबले. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर केला. तेव्हापासून देवासमोर बसलं की मला तेच आठवतं.

नीलमनं हात मांडीवर ठेवले. मग तिनं विचारलं, आपल्या याच मामाचं लग्न? याच मामीशी?

आईनं मान हलवली.

मामी चांगली आहे, नीलम म्हणाली. आणि मग तिनं क्षमेची खूण केली. दुर्गाबाईला ती खूण अजून नीट येत नव्हती. तिनं तीच परत करून पाहिली, उलटी झाली. नीलमनं उठून आईचे दोन्ही हात धरले आणि बोटं सरळ करून दिली. शकुनवहिनी चहा ठेवायचं निमित्त करून आत निघून गेल्या होत्या. भाऊ तिथंच बसून राहिले. "त्या दिवशी मी काही शिकवलं नाई," ते मला म्हणाले. "फक्त खोलीत होतो."

पंचांची बैठक परत बसली. नीलमला बोलावलं होतं. भगवंतरावांना अजून पटलेलं नव्हतं. "घोकलेलं नको," ते म्हणाले. "माहा प्रश्न मी इचारीन." त्यांची पत्नी मागच्याच वर्षी गेली होती. त्यांनी विचारलं, "इले म्हना, मराचं भेव वाटते का तुले?"

भाऊंनी प्रश्न हातांनी सांगितला. नीलमनं भगवंतरावांकडं बघत उत्तर दिलं आणि भाऊंनी ते मोठ्यानं बोलून दाखवलं, "वाटते. पन एकटी जाईन असं नाई वाटत."

भगवंतराव चष्मा काढून पुसत राहिले. "तारीख घ्या," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पन लिहून ठेवा, माहा विरोध होता."

जानेवारीतल्या एका रविवारी बाप्तिस्मा झाला. आम्हालाही बोलावणं होतं. अरीब मास्तर सहा मुलामुलींना घेऊन आले होते आणि कडुनिंबाखाली उभे होते. पांढरा ड्रेस घातलेली नीलम हौदाच्या पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. देवमनभाऊ समोर उतरले. कोणी सांगितलं नव्हतं, पण अंगणात एक शब्दही उमटत नव्हता. भाऊंनी तीन प्रश्न विचारले, हातांनी. नीलमनं तीन उत्तरं दिली, हातांनी. आमच्यातल्या निम्म्या लोकांना त्यातला एक शब्द समजला नाही, तरी कबुली पाहिल्याचं सगळ्यांना कळलं.

मग भाऊ थबकले. दीड वर्षाच्या तयारीत एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. बुडवताना पाळकाचे दोन्ही हात लागतात, एक पाठीला, एक हाताला. आणि त्याच वेळी बाप्तिस्म्याचं वचन म्हणायचं असतं. हातांनी पोरीला धरलं तर बोलायचं कशानं? मोठ्यानं म्हटलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं, जिच्यासाठी म्हणायचं तिला सोडून. नीलम त्यांच्या हातांकडं पाहत वाट बघत होती. थंडीनं तिचे ओठ कापायला लागले होते.

पहिल्या रांगेतून भगवंतराव उठले. चपला काढल्या, आणि कडक इस्त्रीच्या पँटीनिशी, मनगटावरच्या घड्याळासकट पायऱ्या उतरून पाण्यात शिरले. नीलमच्या मागं जाऊन तिच्या पाठीला हात लावला.

"तुमी बोला, पाळकसाहेब," ते म्हणाले. "पोरीले मी धरतो."

देवमनभाऊंनी मोकळ्या हातांनी वचन म्हटलं, सावकाश, एकेक शब्द. शेवटच्या शब्दाला म्हाताऱ्यानं नीलमला पाण्याखाली नेलं आणि वर आणलं. ती डोळ्यांवरचं पाणी निथळत उभी राहिली तेव्हा कडुनिंबाखालच्या सहाही मुलांनी हात वर करून पंजे हलवले. बहिऱ्यांच्या टाळ्या तशाच असतात. मंडळीतल्या बायांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि त्यांनीही हात वर केले.

त्यानंतर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चांदूरला खुणांची उपासना सुरू झाली. मूर्तिजापूरहून, अकोल्याहून माणसं यायला लागली. त्यांतले काही ख्रिस्ती नव्हतेच. कोणी आपल्याशी बोलतं म्हणून यायचे, आणि भाऊंनी त्यांना कधी दुसरं काही विचारलं नाही. पुण्याच्या त्या विद्यालयानं भाऊंना व्याख्यानाला बोलावलं. ते नीलमला घेऊन गेले. व्यासपीठावर ती बोलली आणि ते बाजूला उभं राहून तिचे शब्द आवाजात सांगत राहिले. प्राध्यापकांचे प्रश्न आले तेही त्यांनी तिच्याकडंच वळवले. परत आल्यावर वहिनींनी विचारलं, कसं झालं? भाऊ म्हणाले, "एकानं इचारलं, हे सारं तुमी तिले शिकवलं का? मी म्हटलं, मले इचारू नका, तिलेच इचारा." नीलमनं काय सांगितलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी त्यांनी चांदूरची मंडळी एका तरुण पाळकाकडं सोपवली आणि अकोल्यात दोन खोल्या घेतल्या. तिथं नऊ घरं बहिऱ्यांची आहेत, आणि दर आठवड्याला त्यांच्यात जाणारं कोणी नव्हतं.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो. दार उघडंच होतं. चटईवर भाऊ बसले होते आणि समोर एक सत्तरीची म्हातारी. जन्मापासून बहिरी, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिला अरीब मास्तरांच्या भाषेतलीही एक खूण येत नव्हती. आयुष्यभर घरच्यांशी तिनं स्वतःच घडवलेले काही हातवारे होते, आणि ते समजणारी तिची बहीण दोन महिन्यांपूर्वी वारली होती. म्हातारी कपाळावरून हात फिरवून खिडकीकडं न्यायची, भाऊ तसंच करून बघायचे. ती मान हलवायची, नाही. ते पुन्हा करायचे.

मला पाहून शकुनवहिनींनी तोंडावर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघरात बसायला पाट दिला. "सकाळपासून सुरू हाये," त्या हळूच म्हणाल्या. "बहिनीचं नाव असन बहुतेक. एकदा का ते सापडलं, की तिच्या बहिनीसाठी प्रार्थना करता येईल, म्हनते हे."

मी तासभर बसलो. बाहेर दोघांचे हात सुरूच होते. वहिनींनी नेऊन ठेवलेला चहा दोघांनीही घेतला नाही.